मैदान पुण्यात, क्लब आपला: सोलापूरकरांनी सोशल गोल्फ क्लबचं सदस्य कसं व्हायचं

सोलापुरात राहून गोल्फ खेळतो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "मैदान कुठाय ओ?" प्रश्न रास्त आहे. होम मैदान गड्ड्याचं, पार्क मैदान क्रिकेटचं, आणि कुणीही पावती फाडून अठरा होल खेळून यावं असं मैदान शहरात नाही. तरीही इथं बसून क्लबचं सदस्य होता येतं, कारण सोशल गोल्फ क्लबकडे स्वतःची एक गुंठा जमीनसुद्धा नसते. त्याच्याकडे वर्षाचं वेळापत्रक असतं, एक खमका सेक्रेटरी असतो, सदस्यांच्या हँडिकॅपची, म्हणजे खेळाच्या मानानं मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीची, यादी असते आणि वीस-पंचवीस जणांच्या वतीनं मैदानवाल्यांशी बोलून वेळ मिळवायची सोय असते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सगळे मिळून कुठल्यातरी मैदानावर जातात, आपापसात स्पर्धा खेळतात, जेवतात आणि घरी येतात. यालाच आउटिंग म्हणतात.

जमीनजुमला असलेल्या क्लबांचं प्रकरण वेगळं. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, बंगळुरूचा १८७६ सालचा. अशा जुन्या क्लबांत प्रवेश शुल्क मोठं, शिफारशी लागतात आणि प्रतीक्षायादी लांबलचक. वर्षातून आठ-दहा वेळा खेळणाऱ्या माणसानं त्या रांगेत उभं राहावं असं मला तरी वाटत नाही. नवख्याला हवी असते ती सोबत, शिकवणारे चार अनुभवी लोक आणि खेळायला जायचं निमित्त. हे तिन्ही सोशल क्लबात कमी पैशांत मिळतं.

पहिली पायरी: क्लब कुठला शोधायचा

सोलापूर पुणे-हैदराबाद महामार्गावर आहे, हे इथं कामाला येतं. पुणे साधारण २५० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या आसपास. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे आणि बावधनच्या पलीकडे डोंगरात ऑक्सफर्डचं. हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात हैदराबाद गोल्फ क्लबचं. त्यामुळे या दोन शहरांतून चालणारा एखादा सोशल गट आपल्याला सोयीचा पडतो. मुंबईचा गट लांब पडतो. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीवर किंवा खारघरला सिडकोच्या मैदानावर खेळायचं तर मुक्काम धरूनच चाला.

शोध घ्यायची उत्तम जागा म्हणजे ड्रायव्हिंग रेंज, फटक्यांचा सराव करायची जागा. तिथले प्रशिक्षक, म्हणजे 'प्रो', सगळ्या गटांना ओळखतात. कोण वेळेवर येतं, कोण पैसे बुडवतं, कोणता गट नवख्याला सांभाळून घेतो आणि कोणत्या गटात सगळे एकमेकांशी धंद्याचंच बोलतात, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगणार नाही. दुसरी जागा तुमचं स्वतःचं वर्तुळ. सोलापुरातले डॉक्टर, सीए, कापडवाले, बदलीवर आलेले बँक आणि सैन्यदलातले अधिकारी यांच्यात दुसऱ्या शहरात खेळून आलेला एखादा तरी निघतोच. त्याला विचारा. तो बहुतेक सोबती शोधतच असतो.

दुसरी पायरी: किती येत असलं म्हणजे पुरे

नवखे इथंच अडकतात. "जरा हात बसू दे, मग क्लबाचं बघू" म्हणत दोन-तीन वर्षं निघून जातात. सोशल क्लबाला तुमचा खेळ चांगला असण्याशी काही देणंघेणं नसतं, कारण त्याची भरपाई हँडिकॅप करतं. अपेक्षा एवढीच असते की तुमच्यामुळे मागच्या चौघांचा खोळंबा होऊ नये. चेंडू हवेत जायला हवा असाही आग्रह नाही. जमिनीवरून का होईना, पण पुढे जायला हवा.

तेवढ्यासाठी पुण्याच्या एखाद्या रेंजवर प्रोकडे पाच-सहा धडे घ्या. कामासाठी पुण्याला जाणं होतंच, त्याला जोडून होतं. प्रोला स्पष्ट सांगा की मला आधी सात नंबरचा आयर्न (मधल्या पल्ल्याची स्टिक) आणि पटर (चेंडू होलमध्ये ढकलायची स्टिक), एवढंच शिकवा. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची स्टिक, हातात घ्यायचा मोह सगळ्यांना होतो आणि नवख्याचे सगळ्यात जास्त चेंडू हरवतात तेही ड्रायव्हरनंच.

मधल्या दिवसांत सराव घरी. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. घरातलं फुलपात्र आडवं ठेवलं तर त्याचं तोंड त्याहून बरंच लहान असतं. सतरंजीवर सात-आठ फुटांवरून त्यात चेंडू घालायची सवय झाली की मैदानावरचा होल मोठा वाटायला लागतो. फटक्याचा सराव गच्चीवर करायचा तर जाळी हवी आणि चेंडू भोकांचा, प्लास्टिकचा. खरा चेंडू ४५.९३ ग्रॅमच्या आत असला तरी ड्रायव्हरनं नीट बसला तर ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या मैदानावर तो मारू नका. कुणाच्या डोक्यात बसला तर विषय पोलिसांपर्यंत जाईल आणि तो जायलाच हवा.

सामानाचं थोडक्यात. नियमानं पिशवीत जास्तीत जास्त १४ स्टिक चालतात, पण नवख्याला सहा-सातच्या वर लागत नाहीत. जुना अर्धा सेट घ्या किंवा कुणाचा मागा. बूट मऊ स्पाइकचे, टी-शर्ट कॉलरचा, जीन्स नाही. बहुतेक मैदानं यावर अडून बसतात. एका हाताचा मोजा, स्वस्तातले डझनभर चेंडू, टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या), चेंडूच्या जागी ठेवायला एक नाणं. टॉवेल मात्र सोलापूरचाच न्यायचा, तेवढी तरी आपल्या गावाची शान राखली पाहिजे. अर्धा भिजवून, पिळून पिशवीला अडकवा. ओल्या टोकानं स्टिकच्या पात्यावरची माती काढायची, कोरड्यानं मूठ पुसायची. पुण्याच्या क्लबात कुणीतरी "हा कुठून आणलास?" विचारतंच, आणि पुढच्या खेपेला चारच्या जागी बारा न्यावे लागतात.

तिसरी पायरी: आधी पाहुणा म्हणून खेळा

वर्गणी भरण्याआधी एकदा पाहुणा म्हणून जाणं मी सक्तीचं मानतो. बहुतेक क्लब याला आनंदानं तयार असतात. सेक्रेटरीला पाठवायचा निरोप साधा, पण पूर्ण असावा. असा:

"नमस्कार सर. मी सोलापूरला जुळे सोलापुरात राहतो. गोल्फमध्ये नवीन आहे. रेंजवर शिकलो आहे, पूर्ण अठरा होल अजून खेळलेलो नाही, हँडिकॅप नाही. स्वतःचा अर्धा सेट आहे. पुढच्या आउटिंगला पाहुणा म्हणून येता येईल का? जमल्यास शेवटच्या फोरबॉलमध्ये (चौघांच्या गटात) घ्या. खर्च किती आणि कधीपर्यंत भरायचा तेही कळवा."

यातली दोन वाक्यं महत्त्वाची. "अठरा होल खेळलेलो नाही" हे आधीच सांगितलं की सेक्रेटरी तुम्हाला सांभाळून घेणाऱ्या माणसाबरोबर घालतो. आणि पैशाचं आधी विचारलं की तुम्ही मानगुटीवर बसणारे पाहुणे नाही हे त्याला कळतं. सेक्रेटरी हे काम फुकटात, आपली नोकरी-धंदा सांभाळून करत असतो. त्याला रात्री साडेदहाला फोन करू नका.

आता प्रत्यक्ष दिवस. टी टाइम म्हणजे पहिल्या होलवरून तुमच्या चौघांनी फटका मारायची ठरलेली वेळ. समजा ती साडेदहाची आहे. मैदानावर निदान पाऊण तास आधी पोचायचं. सोलापूरहून गाडीनं चार ते साडेचार तास, वर पुण्यात शिरल्यावरची वाहतूक. म्हणजे पहाटे पाचच्या आत निघायला हवं. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार टोलनाके जाताना आणि तेच चार येताना. चौघांत एक गाडी केली तरच ते परवडतं, आणि वरचेवर जाणार असाल तर फास्टॅगचा वार्षिक पास बघून ठेवा. भिगवणला चहा घ्या, पण मिसळ येताना. भरल्या पोटानं वाकून चेंडू टीवर ठेवणं जड जातं. सकाळच्या वंदे भारतनं किंवा हुतात्मानं गेलात तर उशिराची वेळ असलेल्या आउटिंगलाच जमेल आणि स्टेशनपासून पुढे रिक्षात गोल्फची पिशवी बसवायची कसरत करावी लागेल.

मैदानावर ग्रीन फी, म्हणजे खेळायचं शुल्क, भरायची. ती बहुतेक क्लबनं आधीच गोळा केलेली असते. मग कॅडी, म्हणजे पिशवी उचलणारा सोबती, मिळतो. या माणसाला मैदानाचा इंच न् इंच ठाऊक असतो, हे विसरू नका. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच खेळ शिकला होता. त्यांचं नाव विचारा, 'दादा' म्हणा, आणि सुरुवातीलाच सांगा की मी नवीन आहे, चुकलो तर बेधडक सांगा. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू कुठून वळणार ते ते सांगतात आणि ते ऐकायचं असतं. कॅडीचे पैसे बहुधा ठरलेले असतात. वर काय द्यायचं ते जुन्या सदस्याला बाजूला घेऊन विचारा. जास्त देऊन ऐट दाखवलीत तर पुढच्या वेळी सगळ्यांनाच ते महागात पडतं.

खेळताना पाळायच्या गोष्टी खूप आहेत, पण पहिल्या दिवशी एवढ्या पाळल्यात तर कुणी नाव ठेवणार नाही. दुसरा कुणी फटका मारत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही, त्याच्या मागे उभं राहायचं नाही. ग्रीनवर दुसऱ्याच्या चेंडू आणि होलच्या मधल्या रेषेवर पाय द्यायचा नाही. चेंडू कुणाच्या दिशेनं चाललाय असं वाटलं की क्षणाचाही विचार न करता "फोर!" म्हणून ओरडायचं. लाजायचं अजिबात नाही. नवखा माणूस नेमका इथं संकोचतो आणि "सॉरी" म्हणतो, जे कुणाला ऐकूही जात नाही. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, बाहेर आलात की वाळू दाताळ्यानं सारखी करायची. फटक्यानं उडालेला गवताचा तुकडा परत जागेवर ठेवून पायानं दाबायचा. हरवलेला चेंडू शोधायला नियमानं तीन मिनिटं मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळायची. झाडीत किंवा हद्दीच्या पांढऱ्या खुंट्यांच्या पलीकडे गेला अशी शंका आली की आधीच जोडीदारांना सांगून दुसरा, हंगामी चेंडू मारून ठेवायचा, म्हणजे परत मागे चालत यावं लागत नाही.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चेंडू उचलायला शिकायचं. एखाद्या होलवर आठ-नऊ फटके झाले आणि अजून ग्रीन दिसत नाही, तर चेंडू उचलून खिशात टाकायचा आणि पुढच्या होलकडे चालू लागायचं. सोशल क्लबच्या स्पर्धा बहुतेक वेळा स्टेबलफर्ड, म्हणजे दर होलला गुण द्यायच्या, पद्धतीनं होतात, तिथं उचलल्यानं त्या होलचा शून्य मिळतो, पण फेरी बाद होत नाही. ही पद्धत फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या डॉक्टरांनी काढली. इंग्लंडमधल्या वॉलसीला १९३२ साली तिची पहिली स्पर्धा झाली. एका वाईट होलमुळे सगळा दिवस वाया जाऊ नये हा तिचा हेतू. नवख्यांनी या डॉक्टरांचे आभारच मानावेत.

चौघांची फेरी चार-साडेचार तास चालते आणि आठ-दहा किलोमीटर चालणं होतं. संपल्यावर टोपी काढून सगळ्यांशी हात मिळवायचा. नंतरचं जेवण टाळू नका. सोलापूर गाठायचंय म्हणून घाईनं निघालात तर अर्धा क्लब तुम्ही पाहिलाच नाही. तिथंच कळतं की ही माणसं हरल्यावर कशी वागतात, बिल कसं वाटून घेतात, कॅडीबद्दल कसं बोलतात. ग्लास भरले जातात, तेव्हा परतीला गाडी कोण चालवणार हे आदल्या दिवशीच ठरलेलं हवं. ज्याची पाळी असेल त्यानं लिंबू सरबत.

चौथी पायरी: पैसे भरण्याआधी काय विचारायचं

आउटिंग आवडलं, माणसं आवडली, तरी लगेच यूपीआय करू नका. एक दिवस जाऊ द्या आणि सेक्रेटरीला सविस्तर विचारा. वर्गणीत काय काय येतं? बऱ्याच ठिकाणी वर्गणी म्हणजे फक्त नाव यादीत राहण्याचे पैसे. ग्रीन फी, कॅडी, जेवण, बक्षिसांची वर्गणी सगळं प्रत्येक वेळी वेगळं. वर्षातून किती आउटिंग, त्यातली किती शनिवार-रविवारी? पुष्कळ मैदानं सुट्टीच्या दिवशी सकाळच्या वेळा स्वतःच्या सदस्यांसाठी राखून ठेवतात, त्यामुळे बाहेरच्या गटाला आडवारी जावं लागतं. दुकान सांभाळणाऱ्याला ते सोयीचं, नोकरदाराला रजा टाकावी लागते. नाव दिलं आणि ऐनवेळी जमलं नाही तर पैसे परत मिळतात का, किती दिवस आधी कळवायचं? पैसे कुणाच्या खात्यात जातात, क्लबच्या की एका माणसाच्या? वर्षाअखेर हिशेब दाखवतात का? शेवटच्या दोन प्रश्नांवर सेक्रेटरी चिडला तर तो क्लब सोडून द्या.

वार्षिक खर्च कागदावर मांडून बघा. एका बाजूला वर्गणी लिहा. दुसऱ्या बाजूला एका आउटिंगचे डिझेल आणि टोलचे पैसे भागिले चार, ग्रीन फी, कॅडी, जेवण, हरवलेले चेंडू, मुक्काम केला तर खोली. आणि याला आउटिंगच्या संख्येनं गुणा. वर्गणी हा त्या कागदावरचा सगळ्यात लहान आकडा असतो. म्हणून वर्गणी स्वस्त आहे एवढ्यावर क्लब निवडू नका. चार सोलापूरकर एकाच क्लबात असतील तर तो निवडा, गाडीचा खर्च तिथंच वाचतो.

घरातल्यांनाही विचारा, हा माझा आगाऊ सल्ला. एक आउटिंग म्हणजे पहाटे पाच ते रात्री दहा. बायकोला किंवा नवऱ्याला खेळात रस असेल तर दोघांनी मिळून सदस्यत्व घ्यावं. बायकांसाठी आणि मुलांसाठी टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, पुढे असतात, हँडिकॅपमुळे नवरा-बायको एकाच स्पर्धेत बरोबरीनं खेळू शकतात, आणि बहुतेक वेळा बायकोच जिंकते असं निरीक्षण आहे.

पाचवी पायरी: अर्ज

ही सर्वांत सोपी. फॉर्मवर नाव, पत्ता, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं तो नंबर, रक्तगट, पूर्वीचं हँडिकॅप असल्यास ते. कुठं कुठं एक सूचक आणि एक अनुमोदक सदस्य लागतो. ज्यांच्याबरोबर पाहुणा म्हणून खेळलात त्यांनाच विनंती करा. फॉर्मवर आजार विचारला असेल तर रक्तदाब-मधुमेह लपवू नका, उन्हात दहा किलोमीटर चालायचं असतं. वर्गणीचं वर्ष कधी सुरू होतं ते बघा. एप्रिल-मार्चचं असेल आणि तुम्ही डिसेंबरात येत असाल तर उरलेल्या महिन्यांपुरतेच पैसे घ्या म्हणून सांगा. विचारणाऱ्याला ही सवलत मिळते.

सहावी पायरी: हँडिकॅप

सदस्य झाल्यावर लगेच मागे लागायचं ते याच्या. भल्याभल्यांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाच्या मानानं तुम्हाला मिळणारी फटक्यांची सूट. २०२० पासून यासाठी जगभर एकच पद्धत आहे; भारतात तिचा कारभार इंडियन गोल्फ युनियन पाहते. ही संस्था १९५५ ची. म्हणून क्लबला विचारायचं: तुमचं हँडिकॅप अधिकृत आहे की घरचं? घरचं म्हणजे क्लबनं आपल्या वहीत ठेवलेलं. आपापसातल्या स्पर्धेला ते चालतं. पण काही मैदानं बाहेरच्या खेळाडूकडे हँडिकॅपचा दाखला मागतात, तिथं वही चालत नाही. अधिकृत हवं असेल तर ते कोणत्या संलग्न क्लबमार्फत मिळेल, हे सेक्रेटरी सांगतो.

सुरुवातीला लागतात ५४ होलची, फटके लिहिलेली कार्डं, म्हणजे अठरा होलच्या तीन फेऱ्या. नऊ-नऊच्या मिळूनही चालतात. कार्डावर तुमच्याबरोबर खेळलेल्या माणसाची सही हवी. एका होलवर कितीही फटके झाले तरी नवख्यासाठी पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) अधिक पाच एवढेच धरतात, म्हणजे पार ४ च्या होलवर जास्तीत जास्त ९.

समजा, तुम्ही पार ७२ च्या एका मैदानावर तीन फेऱ्या खेळलात आणि ही मर्यादा लावून ११५, ११२ आणि ११९ झाले. कार्डावर आणखी दोन आकडे छापलेले असतात. कोर्स रेटिंग, म्हणजे तरबेज खेळाडूला ते मैदान साधारण किती फटक्यांत संपावं, समजा ७०.५. आणि स्लोप, म्हणजे त्याच मैदानावर सामान्य खेळाडूची तरबेजाच्या मानानं किती जास्त दमछाक होते; हा ५५ ते १५५ मध्ये असतो, ११३ म्हणजे मध्यम. समजा, इथं १२५. आता प्रत्येक फेरीतून ७०.५ वजा करा, ११३ नं गुणा, १२५ नं भागा. येतात ४०.२, ३७.५ आणि ४३.८. यातला सगळ्यात लहान घ्यायचा, आणि तीनच कार्डं असल्यामुळे त्यातून आणखी २ वजा करायचे. ३५.५. हा तुमचा हँडिकॅप इंडेक्स. इंडेक्सची कमाल मर्यादा ५४ आहे, त्यामुळे ३५ आला म्हणून खट्टू होऊ नका. पुढे वीस कार्डं झाली की त्यातल्या उत्तम आठांची सरासरी धरतात.

या मैदानावर परत गेलात की इंडेक्सवरून तिथले फटके काढायचे. ३५.५ ला १२५ नं गुणून ११३ नं भागा, कोर्स रेटिंग आणि पार यांच्यातला फरक मिळवा. इथं तो उणे दीड आहे. उत्तर ३८. वैयक्तिक स्टेबलफर्ड स्पर्धेत यातले ९५ टक्के धरायची शिफारस आहे, म्हणजे ३६. अठरा होलला छत्तीस फटके, दर होलला दोन. आता पार ४ चा होल तुम्ही ६ फटक्यांत संपवला. दोन वजा, चार उरले, म्हणजे तुमच्यापुरता पार. पारला २ गुण. पाचात संपवला तर ३, चारात संपवला तर ४ आणि वर सगळ्यांच्या टाळ्या. सातात १. सातवा फटका झाला आणि चेंडू अजून बाहेरच असेल, तर शून्य ठरलेलं, उचला. दिवसाचे ३६ गुण झाले तर आपल्या लायकीप्रमाणे खेळलो असं समजायचं. पहिल्या वर्षात पंचवीसच्या पुढे गेलात तरी छान.

हे सगळं गणित मोबाईल करतो. पण एकदा हातानं करून बघा, कारण त्यानंतर कार्ड लिहिताना हात चुकत नाही. आणि कार्ड खरं लिहा. हँडिकॅप फुगवून बक्षिसं नेणारा माणूस तिसऱ्या आउटिंगला सगळ्यांच्या लक्षात येतो, आणि मग त्याच्या गाडीत बसायला कुणी तयार होत नाही.

पहिलं वर्ष

कॅलेंडर घेऊन बसा आणि सोलापूरच्या हिशेबानं तारखा खुणावून ठेवा. जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वज सोडून पुण्याला स्टिक घेऊन निघालात तर घरात ऐकून घ्यावं लागेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खेळायला सर्वांत उत्तम. मार्चपासून सकाळच्या पहिल्या वेळाच घ्या; चाळीसच्या वरच्या उन्हाची आपल्याला सवय आहे हे खरं, पण सावलीत बसून उन्ह सोसणं वेगळं आणि त्यात साडेचार तास चालणं वेगळं. पाण्यात मीठ-साखर घालून न्या. आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड असा सोलापूर रस्ताच धरून येते आणि वाहतूक वळवतात. त्या आठवड्यात नाव देऊ नका किंवा आदल्या दिवशी जाऊन राहा. पावसात मैदान दलदलीचं होतं, गोल्फ कार्ट बंद ठेवतात, पण गर्दी नसते आणि वेळा सहज मिळतात.

क्लबात रुळायचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे एखादं कंटाळवाणं काम अंगावर घेणं. कार्डं गोळा करणं, गुणांची बेरीज तपासणं, बक्षिसं आणणं. बक्षिसाला चषक नको असा एक प्रस्ताव सोलापूरकरानं मांडून बघावा: पहिल्याला चादर, दुसऱ्याला टॉवेलचा जोड, शेवटच्याला शेंगा चटणी आणि कडक भाकरी. घरी धूळ खाणाऱ्या चषकापेक्षा लोक चटणीसाठी जास्त इरेला पेटतात.

जवळपास क्लबच मिळाला नाही तर

मग इथंच सुरू करा. आठ जण पुरेत, म्हणजे दोन फोरबॉल. आठांतले चार तरी आधी खेळलेले असावेत. सुरुवातीला नोंदणीची काही गरज नाही. दोन-तीन आउटिंग करून बघा, कोण टिकतं ते कळेल. एक जण तारखा आणि मैदान बघेल, दुसरा पैसे, तिसरा हँडिकॅपची वही. तिन्ही कामं एकाच उत्साही माणसावर टाकली की तो सहा महिन्यांत कंटाळतो आणि गट बंद पडतो.

मैदानवाल्यांशी बोलताना आठच्या ऐवजी बारा-सोळा जण येणार असं फुगवून सांगू नका. खरा आकडा सांगा, आडवारी येतो म्हणा, पैसे आधी भरतो म्हणा. वेळ मिळते. पुण्यातल्या एखाद्या जुन्या गटाशी जोडून खेळता आलं तर पहिलं वर्ष सोपं जातं. त्यांना मोकळ्या जागा भरायच्या असतात, आपल्याला ओळख हवी असते.

पंधरा-वीस जण झाले आणि हातात रक्कम जमायला लागली की नोंदणीचा विचार करा. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात त्याच्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचीही नोंदणी करतात; दोन्हीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंध येतो. घटना, म्हणजे नियमावली, साधी ठेवा, पण सदस्य कसा घ्यायचा आणि कसा काढायचा हे त्यात लिहाच. दर वर्षी लेखापरीक्षण आणि हिशेब दाखल करणं आलं, त्यामुळे आठांतला एक सीए असलेला बरा. बँकेत खातं संस्थेच्या नावानं उघडा आणि चेकवर दोघांच्या सह्या ठेवा. त्या दोघांतला एक तरी असा असावा जो दर आउटिंगला येत नाही, म्हणजे बाकीचे सगळे पुण्याच्या वाटेवर असतानाही सोलापुरात सही करायला कुणीतरी असेल.